पानगळीचं औषध, शाळेची परसबाग आणि एक पंप

आटपाडी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. शाळेच्या कुंपणाला लागूनच डाळिंबाची बाग आहे, अडीच एकर, सगळी भगवा जातीची. बागेच्या मालकांना गावातली लहानथोर सगळी तात्याच म्हणतात. कुंपणाच्या अलीकडे आमची परसबाग: टोमॅटो, वांगी, घेवडा, मेथी, कांदा, लसूण आणि कडेला मक्याच्या दोन ओळी. इथली भाजी पोषण आहाराच्या आमटीत पडते, त्यामुळे तिच्यावर साऱ्या गावाची नजर असते.

जानेवारीच्या एका सोमवारी प्रार्थना संपली आणि सातवीतली एक मुलगी रांगेतून थेट माझ्याकडे आली. "बाई, तात्यांनी झाडास्नी विष घातलं व्हय?" मी कुंपणापलीकडे पाहिलं. शुक्रवारी पिवळट-हिरवी दिसणारी बाग उघडी पडली होती. नुसत्या काड्या, काटे आणि झाडाखाली पानांचा थर. आठ दिवसांपूर्वी, रविवारी शाळा बंद असताना, तात्यांनी फवारणी केली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्याच दिवशी दुपारी दोन आया शाळेत आल्या. त्यांचा प्रश्न आणखी जवळचा होता. परसबागेतल्या टोमॅटोचे शेंडे पिळवटून गेले होते, घेवड्याची कोवळी पानं चिंध्यांसारखी झाली होती. "तात्यांच्या औषधाचा वारा आलाय हितं. हीच भाजी पोरांच्या ताटात पडतीय नव्हं?" त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. शेजारी विष आणि आपल्या भाजीवर त्याची झळ, असं चित्र समोर दिसत असताना कुठली आई गप्प बसेल?

पुढचे पंधरा दिवस आम्ही या एकाच गोष्टीचा माग काढत होतो. तो कसा काढला आणि मुलांना काय सांगितलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. फवारणीच्या गावांत शिकवणाऱ्या बाकीच्या शिक्षकांनाही मुलं हेच प्रश्न विचारत असणार.

आधी "औषध" या शब्दाचं

आमच्याकडे बाटलीतून येणारं सगळं औषध असतं. किडीवरचं औषध, तणावरचं औषध, पानगळीचं औषध, फुगवणीचं औषध, आणि तापावरचंही औषधच. सोयीचा शब्द आहे, पण मुलांच्या डोक्यात तो फार गोंधळ घालतो. पहिल्याच तासाला मी फळ्यावर तीनच प्रश्न लिहिले: कशाचं? कशावर? किती? कुणीही "औषध मारलं" म्हटलं की हे तीन प्रश्न विचारायचे, असं ठरलं. मग मुलांना तात्यांकडे पाठवलं. घोळका करून नाही, चौघांना, वही घेऊन.

तात्या आधी जरा दुखावले होते. "मी माझीच बाग मारीन व्हय? पोरागत वाढवलीय." पण मुलं ओट्यावर बसल्यावर त्यांनी सगळं समजावून सांगितलं आणि आमच्या वहीत त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरलं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून त्यांनी बागेचं पाणी तोडलं होतं. बाग ताणावर सोडली होती. महिना-सव्वा महिन्यात पानं पिवळी पडली, झाडाची वाढ थांबली, काडीत अन्न साठलं. मग इथ्रेल हे पानगळीचं औषध मारलं, लिटरला दोन मिली, सोबत थोडं डीएपी खत. आता हलकी छाटणी, शेणखत, आणि मग पहिलं पाणी. याला आंबे बहार धरणं म्हणतात. जून-जुलैत धरला तर मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरात धरला तर हस्त बहार. डाळिंबाला वर्षभर थोडी थोडी फुलं येतच राहतात. ती तशीच येऊ दिली तर फळं एका वेळी तयार होत नाहीत आणि झाडही दमतं. पानं एकदम उतरवली की फूट एकदम येते आणि कळीही एकदम निघते.

"आनि दुसरं," तात्या म्हणाले, "पानावर तेल्या आसतो. जुनं पान खाली पडलं की गोळा करून जाळायचं, म्हंजे रोगबी जातो." तेल्या हा जिवाणूमुळे होणारा करपा आहे. आमच्या भागातल्या कितीतरी बागा त्याने आणि मर रोगाने उपटायला लावल्या, त्यामुळे पानगळीमागे तेही एक मोठं कारण आहे.

मुलांनी आणखी एक गोष्ट टिपून आणली. ताण नीट बसलेला नसला आणि औषध जास्त झालं, तर पानाबरोबर काडीही वाळते, नवी फूट जिथून येते ते डोळे मरतात. तात्यांचे शब्द असे होते: "झाड तयार पायजे. झाड तयार नसंल तर औषध पानं ओरबाडतं."

दुधाचा दात

पान गळतं म्हणजे नेमकं काय होतं? माझ्याकडे त्या दिवशी दुसरीचाही वर्ग होता, त्यांच्या बाई रजेवर होत्या. तिथल्या एका मुलीचा पुढचा दात हलत होता आणि ती तास संपेपर्यंत जिभेने तो ढकलत होती. मला उत्तर तिथेच सापडलं.

दुधाचा दात कुणी उपटायच्या आधीच आतून सुटत आलेला असतो. खालून नवा दात वर यायला लागतो, तशी दुधाच्या दाताची मुळं शरीर स्वतःच विरघळवतं. म्हणून तो हलतो आणि एके दिवशी भाकरीच्या तुकड्याबरोबर निघून येतो. रक्त आलं तरी थोडंसंच. तोच दात महिनाभर आधी कुणी ओढला असता तर किती दुखलं असतं?

झाडाचंही असंच असतं. देठ जिथे फांदीला मिळतो, तिथे पेशींचा एक अरुंद पट्टा असतो. पान कोवळं असल्यापासून तो तिथे असतोच, पण निजलेला. पान कामाचं असतं तोवर पानाच्या पात्यातून देठाकडे एक रस सतत वाहत असतो. त्याला ऑक्झिन म्हणतात. हे झाडाचं संप्रेरक, म्हणजे झाडाने स्वतःच्याच एका भागातून दुसऱ्या भागाला पाठवलेला निरोप. "मी अजून काम करतोय, मला धरून ठेव," असा पानाचा निरोप. पान म्हातारं झालं, पाणी तुटलं, थंडी पडली की हा निरोप क्षीण होतो. मग त्या पट्ट्याला दुसरा निरोप ऐकू यायला लागतो. तो निरोप एका वायूचा असतो, त्याचं नाव इथिलीन. इथिलीन पोचलं की पट्ट्यातल्या पेशी विकरं तयार करतात आणि पेशी-पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळवून टाकतात. हे तेच पेक्टिन, पेरूची जेली ज्यामुळे घट्ट होते. डिंक गेला की पान नुसत्या स्वतःच्या वजनाने आणि वाऱ्याने सुटतं. फांदीच्या बाजूला बुचासारखा थर आधीच तयार होत असतो, त्यामुळे जखम उघडी राहत नाही.

हे नुसतं सांगून मुलांना पटत नाही, म्हणून आम्ही भिंग घेऊन बागेच्या कडेला गेलो. फवारणी होऊन आठवडा उलटला होता. तात्यांची परवानगी घेतली, झाडांना हात न लावता वाऱ्याने कुंपणाच्या अलीकडे आलेली पानं उचलली, आणि मी स्वतः एक छाटलेली काडी आणली. गळलेल्या पानाचा देठ खालच्या टोकाला साफ होता, जणू कुणी घासून दिलाय. काडीवर त्याच्या जागी एक इवलीशी कोरडी, तपकिरी खूण होती. त्यातून काहीही पाझरत नव्हतं. मग शाळेच्या आवारातल्या जास्वंदीचं एक हिरवं पान मी मुद्दाम ओरबाडलं. देठाबरोबर सालीची एक पट्टी सोलून आली आणि खाली ओली, हिरवी जखम दिसली. मुलं दोन्हींकडे पाहून गप्प झाली. त्यातल्या एकाने भिंग पुन्हा डाळिंबाच्या काडीवर धरलं आणि म्हणाला, "बाई, खुणंच्या वर टोचल्यागत काय तरी हाय." तो डोळा होता. पान पडायच्या आधीपासून तिथे बसलेला.

ज्यांना डाळिंबाची खूण बारीक वाटली, त्यांना मी पपईचं खोड दाखवलं. खोडावर वरपासून खालपर्यंत ज्या खुणा असतात, त्यातली एकेक खूण म्हणजे गळून गेलेलं एकेक पान.

वायूचा निरोप

इथिलीनची गोष्ट मुलांना भारी आवडते, कारण ती रस्त्यावरच्या दिव्यांपासून सुरू होते. वीज यायच्या आधी युरोपातल्या शहरांत दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसवर दिवे जळायचे. जमिनीखालच्या नळांतून हा गॅस गळायचा आणि जिथे गळती असेल तिथली रस्त्याकडेची झाडं अवेळी पानं टाकायची. १८६४ सालीच हे लिहून ठेवलं गेलं होतं. पण गॅसमधला नेमका कोणता घटक हे करतो ते कळायला १९०१ साल उजाडलं. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव या तरुण अभ्यासकाचे वाटाण्याचे अंकुर प्रयोगशाळेत आडवे वाढायचे आणि बाहेरच्या हवेत सरळ. त्याने शोध घेतला तेव्हा कारण निघालं दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन. पुढे १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी दाखवून दिलं की पिकणारं सफरचंद स्वतःच इथिलीन सोडतं. म्हणजे हा वायू कारखान्यातला नव्हेच, झाडाचा स्वतःचा आहे. घरात केळीच्या फणीशेजारी ठेवलेले कच्चे आंबे लवकर पिकतात, ते याच वायूमुळे.

तात्यांच्या इथ्रेलच्या बाटलीत वायू भरलेला नसतो. तिच्यातल्या द्रव्याचं नाव इथेफॉन. आम्लात ते शांत राहतं, म्हणून बाटलीतला द्राव चांगलाच आम्लधर्मी असतो. पानात शिरल्यावर तिथला रस तितका आंबट नसतो, मग इथेफॉन फुटतं आणि पेशीच्या आतच इथिलीन सुटतं. क्लोराइड आणि फॉस्फेट मागे उरतं. म्हणून कालवलेलं औषध उद्यावर ठेवायचं नसतं. आमच्या भागातलं बोअरचं पाणी खारवट, अल्कधर्मी, त्यात ते टाकीतच फुटायला लागतं आणि जोर जातो. तात्यांना हे अनुभवाने ठाऊक होतं, त्यामागचं कारण मुलांना नव्याने कळलं. पण त्याच आम्लामुळे ते डोळ्यात गेलं तर गंभीर इजा करतं, कातडी भाजते. झाडाच्या भाषेतला निरोप आहे म्हणून ते माणसाला निरुपद्रवी ठरत नाही, हे मी दोनदा सांगितलं आणि मुलांकडून म्हणवूनही घेतलं.

या सगळ्याला पुरावा हवा म्हणून कुठलंही रसायन न वापरता एक प्रयोग केला. ऑफिससमोर रंगीत पानांच्या कोलियसच्या दोन कुंड्या आहेत. दोन्ही रोपांवरच्या सहा-सहा पानांचं पातं कात्रीने कापलं, देठ मात्र तसेच ठेवले. बाकीची पानं शाबूत. एका कुंडीवर प्लॅस्टिकची मोठी पिशवी घातली आणि आत तीन पिकलेली केळी ठेवली. दुसरीवर नुसतीच पिशवी. पातं गेलं म्हणजे ऑक्झिनचा निरोप गेला. केळी म्हणजे इथिलीन. तिसऱ्या दिवशी केळ्यांच्या कुंडीतले चार देठ बोट लागताच पडले. नुसत्या पिशवीतले पडायला सहावा दिवस लागला. सर्वांत चांगली गोष्ट अशी, की केळ्यांच्या पिशवीतसुद्धा वरची कोवळी, शाबूत पानं जागची हलली नाहीत. "कामाचं पान आहे तोवर झाड त्याला सोडत नाही," हे वाक्य सातवीतल्या मुलांनी स्वतःच वहीत लिहिलं, मी सांगितलं नव्हतं. आणि लगेच प्रश्नही आला: "म्हणून तात्यांनी आधी पाणी तोडलं?" हो, म्हणूनच. ताणाने पानांचा निरोप आधीच क्षीण केला होता.

मग टोमॅटोचं काय झालं?

इथवर सगळं छान जमत होतं, पण आयांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं. खरं तर मलाही सुरुवातीला इथ्रेलचाच संशय होता आणि त्याला कारण होतं. टोमॅटो इथिलीनला फार हळवा असतो. थोडासा वायू मिळाला तरी त्याचे देठ खाली वाकतात, रोप मान टाकल्यासारखं दिसतं. कुंपणाची बाजू, रविवारची फवारणी आणि मंगळवारी मुलांना पहिल्यांदा दिसलेली वाकलेली रोपं, सगळं जुळत होतं. मी आयांना "असू शकेल" असं म्हटलंही होतं. ते शब्द गावात पसरायला संध्याकाळसुद्धा लागली नाही आणि त्याचा त्रास तात्यांना झाला. पाहणी करायच्या आधी मी ते बोलायला नको होतं.

पाहणी मुलांनीच केली. परसबागेचा नकाशा काढला आणि ज्या झाडाला इजा झाली तिथे लाल खूण, जे ठीक आहे तिथे हिरवी. नकाशा तयार झाल्यावर चार गोष्टी डोळ्यांत भरल्या. कुंपणाला अगदी खेटून असलेला झेंडू उत्तम होता. तात्यांकडून वारा आला असता तर आधी त्याला लागायला हवा होता. मका, कांदा आणि लसूण यांना काहीच झालं नव्हतं. टोमॅटो, वांगी, घेवडा आणि मेथी, सगळी रुंद पानांची, तीच पिळवटली होती. स्वयंपाकघराच्या दाराशी डब्यात लावलेला टोमॅटो ठणठणीत होता. आणि जुनी पानं ना पिवळी झाली होती ना गळली होती. बिघाड होता तो शेंड्यात: नवीन पानं दोऱ्यासारखी अरुंद, शिरा एकमेकींना खेटून समांतर, खोडाला पीळ आणि कुठे कुठे चिरा.

इथेफॉनने पान गळतं. इथे एकही पान गळलं नव्हतं.

मग "कशाचं, कशावर, किती" परसबागेलाही विचारलं. तात्यांच्या फवारणीच्या आदल्या दिवशी, शनिवारी शाळा सुटल्यावर, परसबागेत मावा दिसला म्हणून पाच टक्के निंबोळी अर्क फवारला होता. अर्क आम्हीच केलेला, मुलांनी निंबोळ्या कुटून, रात्रभर भिजवून, गाळून. त्याने रोप पिळवटत नाही. झेंडूवर आणि दाराशीच्या डब्यावर तो मारला नव्हता. म्हणजे लाल खुणा बरोबर फवाऱ्याखाली आलेल्या रुंद पानांवरच होत्या.

फवारणी एका पालकांनी आपुलकीने करून दिली होती, स्वतःचा सोळा लिटरचा बॅटरी पंप आणून. मी त्यांना घरी जाऊन विचारलं, चारचौघांत नाही. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बाई, शुक्रवारी उसात टू-फोर-डी मारलं होतं ह्याच पंपानं. पान्यानं इसळला होता की." टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून आमच्या दुष्काळी तालुक्यातही ऊस दिसू लागलाय. नव्या लागणीतल्या रुंद पानांच्या तणावर २,४-डी सर्रास मारतात. ऊस, मका, ज्वारी यांना ते सोसतं. टोमॅटो, कापूस, द्राक्ष यांना त्याचा नुसता वास पुरतो म्हणतात, आणि तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षवाल्यांना विचारलं तर ते शेजारच्या उसातल्या फवारणीला किती घाबरतात ते कळेल.

संशय आला म्हणून तो खरा ठरत नाही. म्हणून टोमॅटोच्या पाच-पाच रोपांचे दोन डबे घेतले. मुलांना लांब उभं केलं. मी हातमोजे आणि चष्मा घालून त्याच पंपात दोन लिटर स्वच्छ पाणी ओतलं, हलवलं, आणि त्या पाण्याने एक डबा भिजवला. दुसऱ्यावर शाळेच्या नळाचं पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या डब्यातली पाचही रोपं वाकली होती. चौथ्या दिवशी खोडांना पीळ दिसू लागला. दुसरा डबा सरळ उभा होता.

त्या दुपारी मी तात्यांच्या ओट्यावर गेले आणि झालेली चूक त्यांना सांगितली. दोन्ही आयांना बोलावून दोन डबे समोर ठेवले. पालकांचं नाव मी कुणालाही सांगितलं नाही. ते दुसऱ्या दिवशी स्वतःच शाळेत आले.

एकच निरोप, जास्त जोरात

मुलांचा पुढचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. २,४-डी हे माणसाने बनवलेलं ऑक्झिन आहे असं मी सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला: "ऑक्झिन तर पान धरून ठेवतंय, मग हे मारतंय कसं?"

उत्तर तिसऱ्या प्रश्नात आहे: किती? अगदी थोडं, दहा लाख भाग पाण्यात दहा-पंधरा भाग, असं २,४-डी संत्र्यावर फवारतात तेव्हा ते खरोखर फळ धरून ठेवतं, फळगळ थांबवतं. तणावर मारतात ते त्याच्या कितीतरी पट. झाड स्वतःचं ऑक्झिन काम झालं की मोडून टाकतं, पण हे बाहेरचं द्रव्य त्याला सहज मोडता येत नाही. "वाढ, वाढ" हा निरोप थांबतच नाही. पेशी वेड्यावाकड्या वाढतात, अन्न-पाणी वाहणाऱ्या नळ्या चेपतात, खोड पिळतं. या गोंधळात झाड स्वतःच खूप इथिलीनही तयार करतं. म्हणूनच पहिल्या दोन दिवसांत आमचे टोमॅटो इथ्रेल लागल्यासारखे वाकलेले दिसले आणि मी फसले.

एका मुलाने मोबाईलवर व्हिएतनामबद्दल ऐकलं होतं. "तिथं विमानातनं पानगळीचं औषध टाकलं म्हणे. ते आन तात्यांचं एकच का?" हा प्रश्न टाळायचा नाही असं मी ठरवलं होतं.

व्हिएतनामच्या युद्धात १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेच्या विमानांनी तिथल्या जंगलांवर आणि शेतांवर सात कोटी लिटरहून अधिक तणनाशकं फवारली. शत्रूला लपायला सावली राहू नये आणि खायला पीक राहू नये म्हणून. त्यातलं सर्वांत जास्त वापरलेलं मिश्रण ज्या पिंपांतून यायचं त्यावर नारिंगी पट्टा असे, म्हणून त्याला एजंट ऑरेंज म्हणत. त्यात दोन द्रव्यं निम्मी-निम्मी होती: २,४-डी आणि २,४,५-टी. इथेफॉन त्यात नव्हतं. २,४,५-टी बनवताना डायॉक्सिन नावाचा अत्यंत विषारी मळ त्यात उरायचा, आणि तो माती, चिखल, मासे, माणसाची चरबी यांत वर्षानुवर्षं टिकतो. झाडांची पानं गेली, खाडीकाठची खारफुटीची जंगलं मेली, आणि माणसांच्या आजारांचं ओझं त्या देशावर आजही आहे.

त्या गोष्टीत एक माणूस आहे, त्याच्याबद्दल मी मुलांना मुद्दाम सांगितलं. आर्थर गॅल्स्टन हे अमेरिकी वनस्पतीशास्त्रज्ञ. १९४० च्या दशकात विद्यार्थी असताना त्यांनी सोयाबीनला लवकर फुलं यावीत म्हणून एका रसायनाचा अभ्यास केला आणि नोंदवलं की ते जास्त झालं तर पानं गळतात. पुढे त्या दिशेने लष्कराने काम केलं. व्हिएतनाममध्ये काय चाललंय ते कळल्यावर गॅल्स्टन गप्प बसले नाहीत. इतर शास्त्रज्ञांना सोबत घेऊन त्यांनी ही फवारणी थांबवण्यासाठी झगडा दिला, आणि ती थांबली त्यात त्यांचा वाटा होता. वर्ग बराच वेळ शांत होता.

मग त्या मुलाने विचारलं, "म्हंजे उसातलं टू-फोर-डी निम्मं तेच की?" हो, निम्मं तेच. डायॉक्सिनचा तो मळ मुख्यतः दुसऱ्या निम्म्यातून यायचा, आणि ते २,४,५-टी आता शेतीत वापरत नाहीत. पण २,४-डी साधं पाणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला "कदाचित कर्करोगकारक" या गटात ठेवलं आहे, म्हणजे पुरावा पक्का नाही पण नाकारताही येत नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना एवढं खरं सांगता येतं. त्यांना ते पेलतं.

नंतर काय केलं

लाल खुणांची सगळी रोपं मी आणि दोन पालकांनी हातमोजे घालून उपटली. त्यातलं एकही पान आमटीत गेलं नाही आणि जनावरांपुढेही टाकलं नाही. वाफे पाणी देऊन महिनाभर मोकळे ठेवले, कारण उबदार, ओल्या जमिनीतले जिवाणू २,४-डी काही आठवड्यांत मोडतात. नवीन लागण करण्याआधी एका कोपऱ्यात घेवड्याच्या आठ बिया टोकल्या. त्या सरळ उगवल्या, पहिली दोन पानं रुंद आली, तेव्हाच बाकीचं पेरलं.

पंप धुण्याची रीतही त्या पालकांनीच मुलांपुढे सांगितली. नुसतं विसळून भागत नाही. तीनदा धुवायचा, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून रात्रभर ठेवायचं, नळी आणि नोझलमधूनही ते जाऊ द्यायचं, पुन्हा धुवायचा. आणि हे पाणी विहिरीजवळ, ओढ्यात ओतायचं नाही. तरी शंका उरतेच, म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवलेला बरा. त्यांनी तो आता वेगळा केला आहे. झाकणावर लाल रंगात "फक्त तण" असं सातवीतल्या मुलीने लिहून दिलं. विष घातलं व्हय, असं विचारणारी तीच.

डब्यावरचं चिन्हही मुलांना आता वाचता येतं. कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, खालच्या अर्ध्यात रंग: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. घरी गोठ्यात, माळ्यावर कुठे कुठे असे डबे आहेत ते हात न लावता बघून या, असं सांगितलं होतं. तीन घरांत पाणी प्यायच्या बाटलीत काढून ठेवलेलं औषध सापडलं. त्या तिन्ही घरी मी त्याच संध्याकाळी जाऊन आले.

फेब्रुवारीच्या अखेरीस तात्यांनी वर्गाला बागेत बोलावलं. पहिलं पाणी देऊन महिना होत आला होता. ज्या काडीवर भिंगातून खुणा पाहिल्या होत्या तशाच काड्यांवर आता तांबूस कोवळी फूट होती, आणि तिच्या टोकाशी लाल कळ्या. खालून फुगीर ती मादी कळी, निमुळती ती नर, असं तात्या एकेक दाखवत होते. मुलं मोजत होती.